उत्तेजक औषधे, अवधान व निद्रा विकारांवरील

मध्यवर्ती तंत्रिका तंत्राची (मज्जासंस्थेची) क्रियाशीलता वाढवून जागृती, अवधान (लक्ष एकाग्र ठेवण्याची क्षमता) व शारीरिक हालचाल यांना चालना देणाऱ्या औषधांना ‘उत्तेजक औषधे’ म्हणतात. चहा-कॉफीतील कॅफीन हे या वर्गातील सर्वांत परिचित द्रव्य होय. तथापि वैद्यकात या संज्ञेने प्रामुख्याने अँफेटामीन व त्याची संयुगे आणि मेथिलफेनिडेट यांचा निर्देश होतो. क्रियेने काहीशा निराळ्या असलेल्या मोडॅफिनिलसारख्या जागृतिवर्धक औषधांचाही याच संदर्भात विचार केला जातो. मुलांमधील व प्रौढांमधील अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार (एडीएचडी) आणि नार्कोलेप्सी म्हणजे अनावर निद्रा विकार, ही या औषधांच्या उपयोगाची दोन मुख्य क्षेत्रे आहेत.

दोन्ही विकारांत एक साम्य आहे. रोग्याच्या अंगावर व्याधीची कोणतीही खूण दिसत नसल्यामुळे त्याचे वर्तन स्वभावदोष समजले जाते. एकास उनाड व बेफिकीर, तर दुसऱ्यास आळशी ठरविण्यात येते. म्हणून या औषधांबाबत दोन परस्परविरोधी चुका संभवतात : गरजू रोग्यास ती न मिळणे आणि गरज नसलेल्यास ती सहज मिळणे. या औषधांचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास या दोन्ही चुकांची उदाहरणे पुरवितो.

विकारांचे स्वरूप : अवधानन्यूनता व अतिचंचलता विकारात लक्ष टिकविता न येणे, वस्तू वारंवार हरविणे, हाती घेतलेले काम अर्धवट सोडणे ही एका गटातील आणि सतत चुळबुळ, अविचारी उतावळेपणा, आपली पाळी येईपर्यंत न थांबणे ही दुसऱ्या गटातील लक्षणे आढळतात. अमेरिकन मानसचिकित्सक संघटनेच्या २०१३ मधील निकषांनुसार कोणत्याही एका किंवा दोन्ही गटांतील प्रत्येकी नऊ लक्षणांपैकी किमान सहा (१७ वर्षे व त्यावरील व्यक्तींत पाच) लक्षणे सहा महिने टिकून असावी लागतात. त्यांपैकी काहींचा आरंभ वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी झालेला असणे, ती घर व शाळा यांसारख्या एकाहून अधिक ठिकाणी दिसणे व त्यांमुळे दैनंदिन व्यवहारात बाधा येणे हेही आवश्यक असते. जगभरातील पाहण्यांच्या एकत्रित विश्लेषणावरून शालेय वयाच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के असावे, असे अनुमान आहे. अनेकांच्या बाबतीत लक्षणे प्रौढ वयातही टिकून राहतात.

नार्कोलेप्सी हा विकार पुष्कळच विरळ असून तो साधारणपणे दोन हजारांत एकास होतो. रात्री झोप मिळूनही दिवसा अनावर झोप येणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय. काही रोग्यांत हसू, आश्चर्य किंवा राग अशा भावनेच्या भरात स्नायू एकाएकी ढिले पडतात, गुडघे वाकतात, क्वचित रोगी खाली कोसळतो, परंतु त्याची शुद्ध हरपत नाही. या प्रकारास कॅटाप्लेक्सी म्हणतात. झोप लागताना भास होणे व जाग येताना काही क्षण हातपाय हलविता न येणे हीही लक्षणे आढळतात. बहुधा किशोरावस्थेत किंवा तरुणपणी आरंभ होत असल्याने रोगाचे पहिले परिणाम वर्गात आणि परीक्षेत दिसतात. निदान होईपर्यंत बहुधा अनेक वर्षे जातात [⟶ झोप].

इतिहास : या औषधांचे मूळ एका प्राचीन वनस्पतीत सापडते. एफेड्रा प्रजातीतील ‘मा ह्वांग’ ही झुडुपवजा वनस्पती चिनी वैद्यकात दम्यावर शतकानुशतके वापरात होती. याच प्रजातीतील काही जाती हिमालयातही वाढतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रीन हे क्रियाशील द्रव्य वेगळे केले. १८८७ मध्ये रूमानियन रसायनशास्त्रज्ञ लाझार एडेलेआनू यांनी बर्लिन येथे अँफेटामीन प्रथम तयार केले. मात्र त्याच्या शारीरिक परिणामांकडे कोणाचे लक्ष गेले नाही व पुढील चाळीस वर्षे ते दुर्लक्षित राहिले. १९२० नंतरच्या दशकात एफेड्रिनास स्वस्त पर्याय शोधत असता अमेरिकन संशोधक गॉर्डन ॲलेस यांनी अँफेटामीन नव्याने तयार करून त्याचे गुणधर्म अभ्यासले. १९३० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ‘बेन्झेड्रीन’ या नावाने ते चोंदलेल्या नाकासाठी हुंगण्याचे औषध म्हणून बाजारात आले.

नार्कोलेप्सी ही संज्ञा फ्रेंच वैद्य झां बातीस्त एद्वार जेलिनो यांनी १८८० मध्ये रूढ केली. तिच्यावर १९३१ मध्ये प्रथम एफेड्रीन वापरण्यात आले. १९३५ मध्ये मायरन प्रिन्झमेटल व विल्फ्रेड ब्लूमबर्ग या अमेरिकन वैद्यांनी अँफेटामीन त्याहून अधिक प्रभावी असल्याचे दाखविले. अनावर झोपेवर परिणामकारक उपाय वैद्यकास अशा रीतीने प्रथमच उपलब्ध झाला.

मुलांमधील उपयोगाचा शोध मात्र अनपेक्षितपणे लागला. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात वर्तनविकार असलेल्या मुलांसाठी एक निवासी रुग्णालय होते व चार्ल्स ब्रॅडली हे तेथील प्रमुख वैद्य होते. मेंदूचे क्ष-किरण छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून त्या काळी त्याच्या भोवतीचा द्रव काढून तेथे हवा भरीत असत. त्यामुळे मुलांना तीव्र डोकेदुखी होई. द्रवाची निर्मिती वाढून ती थांबावी या हेतूने ब्रॅडली यांनी बेन्झेड्रीन दिले. डोकेदुखीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाही, पण शिक्षकांना काही मुलांच्या अभ्यासात ठळक फरक दिसू लागला. तेव्हा ब्रॅडली यांनी ३० मुलांना एक आठवडा हे औषध पद्धतशीरपणे दिले व १९३७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात लक्षणीय सुधारणा झाली होती. गणिते सोडविणे सोपे जाऊ लागल्यामुळे मुलांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असे नाव दिले. वर्तनविकारांची कारणे केवळ संगोपनात व मनोव्यापारात शोधण्याचा तो काळ असल्याने या निष्कर्षांची सुमारे वीस वर्षे फारशी दखल घेतली गेली नाही.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा या कंपनीत लेआंद्रो पानिझॉन यांनी १९४४ मध्ये मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांनी पत्नी मार्गेरीत हिच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून त्यास ‘रिटॅलीन’ हे व्यापारी नाव दिले व १९५४ मध्ये ते विक्रीस आले. आरंभी थकवा व औदासीन्य यांवर त्याची शिफारस होत असे. १९५९ मध्ये नार्कोलेप्सीवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, तर १९६३ मध्ये कीथ कॉनर्स व लिऑन आयझेनबर्ग यांनी मुलांमधील त्याच्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष मांडले. विकाराची नावेही बदलत गेली. १९६८ मध्ये त्यास ‘बालपणीची अतिक्रियाशील प्रतिक्रिया’ म्हणत, १९८० मध्ये अवधानन्यूनतेवर भर देण्यात आला आणि १९८७ मध्ये सध्याचे संयुक्त नाव स्वीकारण्यात आले.

क्रियाविधी : तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) परस्परांना रासायनिक संदेशवाहकांच्या द्वारे संदेश देतात. एका कोशिकेतून बाहेर पडलेला संदेशवाहक मधली सूक्ष्म फट ओलांडून दुसरीच्या ग्राहींवर (स्वीकारक रेणूंवर) बसतो व त्याचे कार्य संपताच वाहक प्रथिने त्यास मूळ कोशिकेत परत ओढून घेतात. डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन हे अशा प्रकारचे दोन संदेशवाहक होत. मेथिलफेनिडेट ही परत ओढण्याची क्रिया अडविते. अँफेटामीन तर कोशिकेत शिरून साठ्यातील संदेशवाहक बाहेर लोटते. परिणामी फटीतील त्यांचे प्रमाण वाढते. उपचारात्मक मात्रेतील मेथिलफेनिडेटामुळे जिवंत मानवी मेंदूत डोपामिनाचे प्रमाण वाढते, हे किरणोत्सर्गी चिन्हित द्रव्ये वापरून घेतलेल्या प्रतिमांवरून २००१ मध्ये नोरा व्होल्कॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. कपाळामागील पुरोललाट भागात ही वाढ माफक असल्यास योजना आखणे, आवेग आवरणे व बिनमहत्त्वाच्या संवेदनांकडे दुर्लक्ष करणे ही कार्ये सुधारतात. ती अतिरेकी झाल्यास तीच कार्ये बिघडतात. अल्प मात्रेचे महत्त्व येथून स्पष्ट होते.

चंचल मुलास उत्तेजक औषध दिल्यावर ते शांत कसे होते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अशा मुलांचा मेंदूच वेगळा असल्याने औषधाचा उलटा परिणाम होतो व म्हणून गुण आला की निदान सिद्ध झाले, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी कोणताही विकार नसलेल्या १४ मुलग्यांना डेक्स्ट्रोअँफेटामिनाची एक मात्रा देऊन पाहिली. त्यांचीही हालचाल कमी झाली व अवधान वाढले. म्हणजे औषध मुलास गुंगी आणत नाही व त्याचा परिणामही उलटा नसतो. लक्ष स्थिर झाल्यामुळे निरर्थक हालचाल कमी होते, एवढेच. यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे : औषधाने फरक पडला एवढ्यावरून रोग असल्याचे ठरत नाही. निदान औषधापूर्वी व औषधाविना करावे लागते.

नार्कोलेप्सीत उणीव कशाची असते, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. १९९८ मध्ये दोन संशोधक गटांनी अधोथॅलॅमस या मेंदूतील भागात निर्माण होणारा जागृतिकारक पदार्थ स्वतंत्रपणे शोधून काढला. त्यास ऑरेक्सीन किंवा हायपोक्रेटीन अशी दोन नावे मिळाली. आनुवंशिक नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन कुत्र्यांत या पदार्थाच्या ग्राहीत दोष असल्याचे १९९९ मध्ये, तर मानवी रोग्यांच्या मेंदूतील ऑरेक्सीन निर्माण करणाऱ्या कोशिकाच नष्ट झालेल्या असल्याचे २००० मध्ये आढळले. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच हा नाश घडविला असावा, असे मानतात. २००९-१० मधील स्वाइन फ्ल्यूच्या साथीत वापरलेल्या एका विशिष्ट लशीनंतर फिनलंड व स्वीडन येथील मुलांत या रोगाचे प्रमाण वाढल्याची नोंद या मतास पुष्टी देते. उत्तेजक औषधे ही उणीव भरून काढीत नाहीत, इतर मार्गांनी जागृती टिकवितात. म्हणून रोग बरा होत नसला, तरी दिवस सुसह्य होतो.

प्रमुख औषधे : मेथिलफेनिडेटाची साधी गोळी घेतल्यापासून सुमारे अर्ध्या तासात परिणाम सुरू होऊन तो तीन-चार तास टिकतो. शाळेत दुसरी मात्रा घेण्याची अडचण टाळण्यासाठी औषध सावकाश सोडणाऱ्या गोळ्या तयार करण्यात आल्या. त्यांपैकी दिवसभर, म्हणजे सुमारे बारा तास पुरणाऱ्या एका प्रकारास अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. लिसडेक्सअँफेटामीन (मान्यता २००७) हे स्वतः निष्क्रिय असून शरीरात गेल्यावर त्यापासून हळूहळू डेक्स्ट्रोअँफेटामीन सुटते. त्यामुळे एकाएकी तीव्र परिणाम साधण्यासाठी त्याचा गैरवापर करणे तुलनेने कठीण जाते. ज्यांना उत्तेजक औषधे सोसत नाहीत, त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटीन (मान्यता २००२) हे या वर्गाबाहेरील औषध आहे. त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात.

मोडॅफिनिल हे फ्रान्समध्ये विकसित झाले. झोपेच्या शरीरक्रियाविज्ञानाचे प्रसिद्ध अभ्यासक मिशेल झूव्हे यांचा त्यात मोठा वाटा होता. अमेरिकेत १९९८ मध्ये त्यास नार्कोलेप्सीसाठी मान्यता मिळाली. अँफेटामिनापेक्षा त्याचे व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. तथापि ते निर्धोक नाही. मुलांच्या अवधानविकारासाठी ते वापरण्याचा प्रस्ताव त्वचेवरील गंभीर पुरळाच्या शक्यतेमुळे २००६ मध्ये अमेरिकेत नामंजूर झाला. ते गर्भनिरोधक गोळ्यांची परिणामकारकता कमी करते आणि गरोदरपणी वर्ज्य मानतात. मेंदूतील हिस्टामिनाच्या द्वारे जागृती वाढविणारे पिटोलिसँट हे औषध यूरोपात २०१६ पासून व अमेरिकेत २०१९ पासून मान्य आहे.

उपचार व परिणामकारकता : मात्रा वजनावरून एकदम ठरवीत नाहीत. अगदी अल्प मात्रेने आरंभ करून पालक व शिक्षक यांची निरीक्षणे पाहत ती आठवड्या-आठवड्याने वाढवितात. मेथिलफेनिडेटाची दैनिक मात्रा सामान्यतः ६० मिग्रॅ.च्या पुढे नेत नाहीत. पुरेशा प्रमाणात दिल्यास सुमारे ७० टक्के मुलांना पहिल्याच औषधाने गुण येतो. अमेरिकेत सहा केंद्रांवर ५७९ मुलांवर केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४ महिन्यांच्या काटेकोर औषधोपचाराने मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक परिणाम झाल्याचे आढळले. मात्र चिंता, पालकांशी संबंध व अभ्यास या बाबतींत दोन्हींच्या संयोगाचे काही फायदे दिसले. त्याच मुलांच्या पुढील वर्षांतील पाहणीत गटांमधील हा फरक हळूहळू पुसट झाला. औषध चालू असेपर्यंत ते लक्षणे आवरते, परंतु अभ्यासाची सवय, वेळेचे नियोजन किंवा वाचनातील मागासलेपण यांची भरपाई करीत नाही, हे त्यावरून लक्षात येते. शाळापूर्व वयात प्रथम पालकांना मार्गदर्शन करण्यावर भर देतात.

नार्कोलेप्सीच्या निदानासाठी रात्रभराच्या झोपेची नोंद घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने चार-पाच वेळा झोपण्याची संधी देऊन झोप लागण्याचा कालावधी मोजतात. सरासरी आठ मिनिटे वा त्याहून कमी वेळात झोप लागणे व किमान दोनदा लगेच स्वप्नावस्थेची झोप सुरू होणे, ही लक्षणे निदानास पुष्टी देतात. उपचारात औषधांबरोबर ठराविक वेळी पंधरा-वीस मिनिटांची झोप घेण्यासही महत्त्व आहे. झोप आवरत नसताना वाहन किंवा यंत्र चालविणे रोग्यास व इतरांस घातक ठरते.

दुष्परिणाम : भूक मंदावणे, झोप लांबणे, डोकेदुखी, पोटदुखी व चिडचिड हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम होत. त्यांपैकी बरेचसे मात्रा किंवा वेळ बदलल्याने कमी होतात. औषध जेवणानंतर देणे व दुपारनंतर टाळणे, हे साधे उपाय उपयोगी पडतात. नाडीचे ठोके व रक्तदाब किंचित वाढतात. म्हणून उपचारापूर्वी हृदयविकाराची व कुटुंबातील आकस्मिक मृत्यूंची चौकशी करतात. उंची वाढण्याचा वेग काहीसा मंदावतो, त्यामुळे उंची व वजन नियमितपणे नोंदविणे आवश्यक असते. क्वचित भास किंवा संशयग्रस्तता उद्‌भवल्यास औषध बंद करावे लागते. मूल निस्तेज व अबोल होणे हे गुण आल्याचे चिन्ह नसून मात्रा अधिक झाल्याचे चिन्ह होय. वर्ग शांत राहावा यासाठी मुलाचे तेज हरविणे हा उपचार नव्हे.

दुरुपयोग व नियंत्रण : दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांच्या सैन्यांनी सैनिकांना जागे ठेवण्यासाठी ही द्रव्ये वापरली. जर्मनीत १९३८ पासून विकले जाणारे ‘पेर्व्हिटीन’ हे मेथअँफेटामीनच होते. जपानमध्ये ‘हिरोपोन’ या नावाने तेच द्रव्य सैनिकांना व कामगारांना दिले जाई. युद्ध संपताच उरलेले साठे बाजारात येऊन तेथे व्यसनाची मोठी साथ पसरली. १९५१ मध्ये जपानने खास कायदा करूनही १९५४ या एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक लोकांना त्याखाली अटक करावी लागली. वाढत्या मात्रेबरोबर झोप व भूक नाहीशी होणे आणि पुढे भास व संशय यांनी मन ग्रासणे, हा व्यसनाचा क्रम त्या काळी स्पष्ट झाला. पाश्चात्त्य देशांत वजन कमी करण्यासाठी व थकव्यावर ही औषधे सर्रास दिली गेल्याने तेथेही तीच समस्या उद्‌भवली.

व्हिएन्ना येथे १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने झालेल्या मनःप्रभावी पदार्थांच्या करारात अँफेटामीन व मेथिलफेनिडेट यांचा समावेश कडक नियंत्रणाच्या दुसऱ्या अनुसूचीत करण्यात आला. भारतात १९८५ च्या गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली त्यांचे नियमन होते. औषधविषयक १९४५ च्या नियमांतील ‘एक्स’ अनुसूचीत मेथिलफेनिडेट असून ते वैद्याच्या दोन प्रतींतील चिठ्ठीवरच मिळते. त्यांपैकी एक प्रत विक्रेत्यास दोन वर्षे जपून ठेवावी लागते.

परीक्षार्थी व बौद्धिक काम करणारे निरोगी लोक या औषधांकडे बुद्धिवर्धक म्हणून पाहतात. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० निरोगी व्यक्तींना मेथिलफेनिडेट, डेक्स्ट्रोअँफेटामीन, मोडॅफिनिल व औषधविरहित गोळी आळीपाळीने देऊन गुंतागुंतीची कोडी सोडविण्यास दिली. औषधांमुळे त्यांनी अधिक वेळ व अधिक प्रयत्न खर्च केले, परंतु त्या प्रयत्नांचा दर्जा घसरला. जागरणाने थकलेला मनुष्य या औषधांनी जागा राहतो, मात्र झोपेतून मिळणारी विश्रांती व स्मृतीचे दृढीकरण त्यांतून मिळत नाही.

निदानातील दक्षता : अपुरी झोप, कमी ऐकू येणे किंवा दिसणे, रक्तक्षय, अवटू ग्रंथीचे (थायरॉइडचे) विकार, अपस्मार, अध्ययन अक्षमता, घरातील कलह किंवा भीती यांमुळेही मुलाचे लक्ष लागत नाही. मोठे टॉन्सिल वा नाकामागील गाठी यांमुळे झोपेत श्वास अडखळणारे मूल दिवसा पेंगण्याऐवजी बहुधा अतिचंचल बनते व केवळ अवधानविकाराचे रोगी समजले जाते. तेथे योग्य उपाय उत्तेजक औषध हा नसून श्वासमार्गातील अडथळा दूर करणे हा असतो. वर्गातील इतरांपेक्षा वयाने काही महिन्यांनी लहान असलेल्या मुलांत अवधानविकाराचे निदान अधिक प्रमाणात होते, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. म्हणजे वयास साजेसा अपक्वपणाही कधीकधी रोग ठरतो. याउलट मुकाट्याने बसून स्वतःशीच हरविणारी मुले, विशेषतः मुली, कोणास त्रास देत नसल्याने तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून एकच भेट किंवा एकच प्रश्नावली यांवर न विसंबता शाळा, घर व शारीरिक तपासणी या तिन्हींच्या आधारे निदान करणे व औषध सुरू केल्यावरही ठराविक काळाने त्याची गरज पुन्हा पडताळून पाहणे, हा सर्वमान्य प्रघात आहे.